आधी सारण, मग पारी : कॅडमध्ये कमी-जास्त जाडीचा पोकळ भाग

थ्री-डी प्रिंटर आता आपल्यापैकी अनेकांच्या गराजमध्ये किंवा मुलांच्या शाळेत पोहोचला आहे, म्हणून आज थोडं कॅडबद्दल.

भरीव भाग पोकळ करायचा म्हटलं की हात 'शेल' कमांडकडे जातो. फ्रीकॅडमध्ये तिचं नाव 'थिकनेस'. जाडी 3 मिमी सांगितली की सगळीकडे 3 मिमीची भिंत तयार. साखरेचा डबा करायचा असेल, तर इथेच थांबलात तरी चालेल. पण ज्या भागाला भार पेलायचा असतो, त्याला सगळीकडे सारखी जाडी लागत नाही.

एका टोकाला घट्ट धरलेली पोकळ गोल दांडी घ्या. लांबी 300 मिमी, बाहेरचा व्यास 40 मिमी. मोकळ्या टोकाला 100 न्यूटन भार, म्हणजे साधारण 10 किलो वजन टांगलंय. दांडीला वाकवणारा मोमेंट म्हणजे भार गुणिले त्या टोकापासूनचं अंतर. टोकाशी तो शून्य, मुळाशी 30,000 न्यूटन-मिमी. भिंत सगळीकडे 3 मिमी ठेवली, तर मुळाशी सुमारे 10 मेगापास्कल ताण येतो आणि टोकाकडचं बरंचसं प्लास्टिक नुसतं बसून राहतं. आता जाडी मुळाशी 3 आणि टोकाशी 1 मिमी अशी हळूहळू उतरवा. मध्यावर भिंत 2 मिमी होते, तिथला ताण सुमारे 7. सर्वांत मोठा ताण तोच राहिला, पण सामग्री जवळजवळ 32 टक्के वाचली! दांडी थोडी जास्त लवेल, तेवढी किंमत मोजावी लागते. बांबूही बुंध्याशी जाड आणि शेंड्याकडे पातळ असतो.

हे शेलने जमेल का? काही सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळ्या पृष्ठभागांना वेगळी जाडी देता येते, पण एका पृष्ठभागावर ती एकच राहते. उतार मिळत नाही. मग काही जण युक्ती करतात: त्याच आकाराची 90 टक्के छोटी प्रत करून मधोमध वजा करायची. ही युक्ती फसवी आहे. भाग 100 मिमी लांब आणि 20 मिमी रुंद असेल, तर टोकांशी भिंत 5 मिमी होते आणि बाजूंना फक्त 1 मिमी. जाडी बदलली खरी, पण तुम्हाला हवी तशी नाही.

त्यापेक्षा पोकळीलाच एक स्वतंत्र वस्तू समजा. माझ्या फाइलमध्ये तर त्या बॉडीचं नावच 'सारण' असतं. पारी आपोआप उरते. आपल्या गोल दांडीसाठी अर्धा छेद काढा: बाहेरची रेघ अक्षापासून 20 मिमीवर, आतली तिरकी, मुळाशी 17 आणि टोकाशी 19 मिमीवर. तो अक्षाभोवती फिरवला की झालं. आकार गोल नसेल तर वेगवेगळ्या पातळ्यांवर पोकळीचे छेद काढा, 'लॉफ्ट'ने जोडा आणि बाहेरच्या आकारातून वजा करा. प्रत्येक छेदात बिंदूंची संख्या सारखी ठेवा, नाहीतर लॉफ्ट पिळवटतो. गोलाकार आवरणाला तर याहून सोपा उपाय आहे. 50 मिमी त्रिज्येच्या गोलातून 45 मिमीचा गोल वजा करताना त्याचा मध्य 2 मिमी सरकवा. एका बाजूला 3, समोर 7 आणि मध्ये गुळगुळीत बदल.

मॉडेल झाल्यावर छेद पाडून जाडी मोजा, आणि ती पृष्ठभागाला काटकोनातच मोजा. भिंत फार तिरकी असेल, तर आडवं माप खऱ्या जाडीपेक्षा मोठं येतं. छपाईआधी पातळ टोकही पाहा. 0.4 मिमीच्या नोझलने 0.4 रुंदीच्या तीन रेघा ओढल्या की 1.2 मिमी होतात, दोन ओढल्या की 0.8. 1 मिमी या दोन्हींच्या मध्ये अडकतो. त्यामुळे वरच्या दांडीचं टोक मी 1.2 मिमीचंच ठेवेन, म्हणजे आतली रेघ तिथे 18.8 मिमीवर.