नेमबाजीचे साहित्य : काय आधी, काय मागाहून

लालबाग, मुंबई



नेमबाजीकडे वळलेल्या नवशिक्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘कोणती बंदूक घ्यावी’ हाच असतो. परंतु त्याआधी दोन प्रश्न सोडवावे लागतात. नेमबाजाच्या शरीराची ठेवण काय मागते हा पहिला, आणि आज हुकणारा नेम हातामुळे हुकतो की साहित्यामुळे, हा दुसरा. या दोहोंचे उत्तर हाती नसताना केलेली खरेदी कितीही महाग असली, तरी ती अंदाजाने मारलेल्या गोळीसारखीच असते.

अमेरिकेत रायफल, पिस्तूल आणि शॉटगन ही तिन्ही शस्त्रे एकाच स्पर्धेत, धावपळ करीत आणि सेकंद मोजत चालवण्याचा प्रकार लोकप्रिय आहे. त्याची चित्रफीत पाहून पहिल्याच वर्षी सगळे काही जमवावेसे वाटणे स्वाभाविक असले, तरी मुंबईच्या मुलाची वाट निराळी आहे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांच्या पुढाकाराने 1951 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेच्या स्पर्धांत रायफल, पिस्तूल आणि शॉटगन या तीन स्वतंत्र शाखा असून, राष्ट्रीय स्पर्धेकडे नेणारी एक पायरी आजही मावळणकरांच्याच नावाने ओळखली जाते. गिरगाव, दादर किंवा परळच्या मुलाला ही वाट जवळच सापडते. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, शिवाजी पार्कजवळच्या स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकातही रायफल नेमबाजी शिकवली जाते, आणि सुरुवात 10 मीटरवरच्या हवाई शस्त्राने, म्हणजे दाबलेल्या हवेच्या जोरावर 4.5 मिलिमीटरचा छर्रा सोडणाऱ्या रायफलीने किंवा पिस्तुलाने होते. तेव्हा तीन शस्त्रांचा मोह बाजूस ठेवून एकच शस्त्र धरणे, हा पहिला निर्णय होय.

साहित्याचा क्रम ठरवताना अंजली भागवत यांचे उदाहरण नवशिक्याने नीट ध्यानात घ्यावे. दादरच्या कीर्ती महाविद्यालयात राष्ट्रीय छात्रसेनेच्या निमित्ताने त्या या खेळात आल्या, आणि बंदूक हाती घेतल्यानंतर अवघ्या काही दिवसांतच 1988 च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले. स्वतःची पहिली रायफल मात्र त्यांना 1993 मध्ये, तीही भेट म्हणून मिळाली. पदक आणि स्वतःची रायफल यांच्यामध्ये पाच वर्षे गेली, आणि पुढे 2000 साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत त्यांनी मजल मारली. क्लबच्या सामाईक बंदुकीवर शिकणे हा कमीपणा नव्हे, हे या वाटचालीवरून स्पष्ट होते. उलट निरनिराळ्या बंदुका हाताळल्यामुळे आपल्याला नेमके काय मानवते, याचे ज्ञान एक रुपयाही न गुंतवता मिळते.

रायफल की पिस्तूल, हा निर्णय पहिल्या दोन-तीन महिन्यांत दोन्ही चालवून घ्यावा. रायफल नेमबाजाला कडक जाकीट, पॅन्ट, बूट आणि हातमोजा असा मोठा सरंजाम लागतो. पिस्तुलाला त्यातले फारसे काही लागत नाही, पण एका हाताने, विनाआधार शस्त्र तोलायचे असल्यामुळे तिथे खांदा आणि मनगट यांची कसोटी लागते. याच काळात प्रभावी डोळा कोणता, हेही पाहून घ्यावे. दोन्ही तळहात पुढे धरून त्यांच्यामधल्या छोट्या फटीतून समोरच्या भिंतीवरचे घड्याळ दोन्ही डोळ्यांनी पाहावे, आणि मग एकेक डोळा मिटावा. जो डोळा उघडा असताना घड्याळ फटीतच राहते, तो प्रभावी डोळा. उजव्या हाताच्या मुलाचा डावा डोळा प्रभावी निघाला, तर प्रशिक्षकाशी बोलल्याशिवाय बंदूक विकत घेऊ नये, कारण त्या एका गोष्टीवर दस्ता उजवा की डावा हे ठरते.

खरेदीचा क्रम अंगाकडून शस्त्राकडे जाणारा असावा. अंगावरच्या साहित्यात रायफल नेमबाजाने सर्वप्रथम बूट घ्यावेत, कारण उभ्या स्थितीचा सारा डोलारा तळव्यांवर पेललेला असतो. त्यानंतर जाकीट घ्यावे. जाकिटाचे काम शरीराला ऊब देणे हे नसून, कंबरेच्या मणक्याला आधार देणे आणि नाडीचे ठोके बंदुकीपर्यंत पोचू न देणे हे आहे. म्हणूनच त्याची जाडी आणि ताठरपणा यांवर आंतरराष्ट्रीय नियमांनी मर्यादा घातल्या आहेत, आणि स्पर्धेपूर्वी उपकरणाने त्यांची तपासणी होते. वाढत्या वयाच्या मुलाने मापाचे नवे जाकीट शिवून घेण्याची घाई करू नये. उंची स्थिरावेपर्यंत क्लबमधल्या मोठ्या मुलाचे जुने, पण नियमात बसणारे जाकीट घेणे शहाणपणाचे ठरते. पिस्तूल नेमबाजाच्या बाबतीत जाकिटाची जागा मुठीचा लाकडी दस्ता घेतो. तो हाताच्या मापाचा घेऊन, जिथे बोट अडते तिथे कानस लावून आणि जिथे पोकळी राहते तिथे लाकडाची पुट्टी भरून, आपल्या तळव्याचा ठसा उमटेपर्यंत घडवावा लागतो, आणि हे काम कोणतेही दुकान करून देऊ शकत नाही.

साहित्यावर किती भिस्त ठेवावी, हे थोड्या गणिताने उमगते. हवाई रायफलीच्या लक्ष्यावरील दहाचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि त्यापुढे प्रत्येक वलयामागे केंद्रापासूनचे अंतर अडीच मिलिमीटरने वाढते. पुढची माशी आणि मागची छिद्राची साइट यांच्यातले अंतर साधारण 80 सेंटीमीटर धरले, तर या दोहोंच्या जुळणीत केवळ एक मिलिमीटरची चूक झाली असता 10 मीटरवर छर्रा साडेबारा मिलिमीटर सरकतो, म्हणजे पाच गुण जातात. छर्ऱ्यांच्या डोक्याचा व्यास 4.49, 4.50 किंवा 4.51 मिलिमीटर असे बारीक भेद खरे आहेत, आणि वरच्या पातळीवरचे नेमबाज आपल्या नळीला मानवणारा डबा चाचणी करून निवडतात, हेही खरे आहे. परंतु ज्याचे छर्रे अजून रुपयाच्या नाण्याएवढ्या वर्तुळात विखुरतात, त्याने महागडे छर्रे घेणे म्हणजे रोगाऐवजी पथ्य बदलण्यासारखे आहे. त्याने एकाच जातीचे साधे, चपट्या डोक्याचे छर्रे वर्षभर वापरावेत, म्हणजे विखुरण्याचे कारण छर्ऱ्यात शोधण्याची सवय लागणार नाही.

स्वतःची बंदूक घेण्याची वेळ केव्हा येते, याची खूण ठरलेली आहे. सराववहीत एकच तक्रार महिनोन्‌महिने उमटू लागली, उदाहरणार्थ गालाचा टेकू उंच पडतो म्हणून मान ताठते, आणि क्लबच्या बंदुकीत ती दूर करता येत नाही, असे प्रशिक्षकाचेही मत पडले, की वेळ आली असे समजावे. परदेशी स्पर्धात्मक रायफलीची किंमत लाखांच्या घरात जाते. ती घेताना वजन, गालाचा टेकू, खांद्याची पट्टी आणि चाप यांची जुळवणी किती मोकळेपणाने होते, हे नावापेक्षा अधिक महत्त्वाचे मानावे. हवाई रायफलीचे वजन साडेपाच किलोपर्यंत चालते, म्हणून सडपातळ मुलाने तेवढे घ्यावेच असे नाही. हवाई पिस्तुलाच्या चापाला किमान 500 ग्रॅमचा दाब लागलाच पाहिजे, तेव्हा तो त्याहून हलका करण्याच्या नादी लागू नये. वापरलेली रायफल घेण्यात काही गैर नाही, मात्र हवेच्या नळकांड्यावर ठोकलेली तारीख आधी वाचावी. या नळकांड्यात सुमारे 200 बार दाबाची हवा भरली जाते, त्याचे आयुष्य साधारण 10 वर्षे धरतात, आणि मुदत उलटलेले नळकांडे स्वस्त पडले तरी धोक्याचे असते.

बदल करायचे ते एका वेळी एकच, आणि प्रत्येक बदल वहीत मिलिमीटरमध्ये लिहून. या शिस्तीचे मोल स्वप्नील कुसाळे यांच्या खेळात दिसते. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात त्यांनी 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळवले. या प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून एकाच रायफलीने नेम धरायचा असतो, आणि प्रत्येक स्थितीसाठी तिचे भाग पुन्हा जुळवावे लागतात. तीन शस्त्रे हाताळण्याची हौस असणाऱ्याने एका शस्त्राला तीन स्थितींत वळवण्याची ही विद्या आधी पाहावी.

मुंबईची हवा हाही साहित्याचा विषय आहे. वरळीच्या खाऱ्या वाऱ्यात आणि पावसाळ्याच्या ओलीत पोलाद लवकर गंजते आणि चामड्याला बुरशी येते. म्हणून घरी येताच पेटी उघडावी, बंदूक कोरड्या फडक्याने पुसावी, जाकीट घडी न घालता रुंद खांद्याच्या हँगरवर टांगावे. 20 ज्यूलपर्यंतच्या ऊर्जेच्या 4.5 मिलिमीटर हवाई शस्त्राला 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही, काडतुसी शस्त्राला मात्र 1959 च्या शस्त्र कायद्याखाली तो लागतोच. पण परवाना लागत नाही म्हणून चाळीच्या गॅलरीत किंवा गच्चीवर छर्रा सोडण्याची मुभा मिळत नाही. घरी फक्त कोरडा सराव करावा, म्हणजे बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, भिंतीवर चिकटवलेल्या ठिपक्यावर नेम धरून केवळ चाप ओढावा. रेंजवर आणि प्रवासात नळीतून आरपार जाणारी रंगीत सुरक्षादोरी घातलेली असावी. साऱ्या साहित्यात तीच सर्वांत स्वस्त वस्तू आहे, आणि खरेदीच्या यादीत तिचा क्रमांक पहिला आहे.

तेव्हा नवशिक्याने पहिल्या वर्षी सुरक्षादोरी, बूट आणि एक जाड वही एवढेच घ्यावे, क्लबची रायफल मनापासून चालवावी, आणि वही भरल्यावर ती घेऊन वडीलधाऱ्यांपुढे बसावे. पुढची खरेदी काय असावी, हे त्या वहीतच लिहिलेले सापडेल.