अ‍ॅक्युप्रेशर : कुठे दाबावे, कुठे दाबू नये

गेल्या हिवाळ्यात दवाखान्यात एक निवृत्त गुरुजी आले. बारा वर्षांचा मधुमेह. "डॉक्टरसाहेब, मोज्याला डाग पडतोय, पण दुखत तर काहीच नाही," म्हणाले. मोजा काढून पाहिला तर उजव्या अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम, तिला वास सुटलेला. तळपायांची आग होते म्हणून त्यांनी माळेगावच्या यात्रेतून टोकदार दाण्यांच्या 'अ‍ॅक्युप्रेशर' सपाता आणल्या होत्या. त्या घालून पंधरा दिवस ते सकाळ-संध्याकाळ अंगणात फेऱ्या मारत होते. शेवटी अंगठा काढावा लागला. सहा महिन्यांपूर्वी त्यांना मीच तपासले होते. साखर पाहिली, गोळी बदलली. पाय मात्र पाहिले नव्हते.

अ‍ॅक्युप्रेशर करावे का, असे रोज कोणीतरी विचारते. सगळे थोतांड आहे असे सांगून मला मोकळे होता येत नाही, कारण दाबाने दुखणे कमी होते हे खरे आहे. कोपर दाराला आपटला की आपण नकळत तो चोळतो. मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 साली याचे कारण मांडले. वेदनेचा निरोप मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो, त्या वाटेवर जणू एक फाटक असते. स्पर्श आणि दाब यांचे निरोप आले की ते काही अंशी लागते. याखेरीज शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्येही तयार करते.

मात्र नकाशातला नेमका बिंदूच दाबला पाहिजे, हा आग्रह फारसा टिकत नाही. सुयांच्या उपचारावर जर्मनीत कंबरदुखीच्या 1162 रुग्णांची चाचणी झाली. तिचा निष्कर्ष 2007 साली प्रसिद्ध झाला. खऱ्या बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी 48 टक्के, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी 44 टक्के आणि नेहमीची औषधे-व्यायाम घेणाऱ्यांपैकी 27 टक्के लोकांना आराम पडला. (ही सुईची विद्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी आणली, असे अनेकजण समजतात. कोटणीस चीनमध्ये शल्यचिकित्सक म्हणून राबले आणि 1942 साली तिथेच वारले. ती भारतात आणली त्यांच्याच पथकातील डॉ. बसूंनी, 1950 च्या दशकाच्या अखेरीस.)

सोयाबीनच्या काढणीत दिवसभर वाकून आलेल्या बायाबापड्या उपाशीपोटी दुखण्याच्या गोळ्या घेतात. वर्षानुवर्षे असे केल्याने जठरात व्रण होतो, मूत्रपिंडे बिघडतात. त्यांना मी सांगतो, आधी पालथे झोपा आणि घरच्या माणसाकडून मणक्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू अंगठ्याने हळूहळू दाबून घ्या. मणक्यावर दाब नको. डोके दुखत असेल तर अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरून मिनिट-दोन मिनिटे दाबावा. गरोदर बाईने हा बिंदू दाबू नये असा जुना दंडक आहे, तो मीही पाळतो. नांदेड-लातूर एस. टी. प्रवासात ज्यांना मळमळते, त्यांनी मनगटाच्या आतल्या घडीपासून आपलीच तीन बोटे वर, मधल्या दोन शिरांच्या बेचक्यात दाबून पाहावे. मळमळीवर या बिंदूचा उपयोग होतो, याला बऱ्याच चाचण्यांचा आधार आहे.

दाब किती द्यायचा? दुखले तरी बरे वाटेल इतकाच. म्हणजे किती दाबायचे हे आपली संवेदनाच सांगते. गुरुजींचा घात झाला तो इथेच. जुन्या मधुमेहात पायाचे मज्जातंतू निकामी होऊ लागतात. सुरुवातीला आग होते, मुंग्या येतात. हळूहळू पाय बधिर होतो. आग थांबली म्हणून माणूस खूश होतो, आणि खडा रुतला तरी त्याला कळत नाही. अशा पायाला टोकदार दाण्यांची चप्पल म्हणजे दिवसभराची जखमच. मधुमेह असलेल्यांनी ती घालूच नये, आणि अनवाणीही चालू नये. रोज रात्री आरसा धरून तळपाय पाहावेत, बोटांच्या बेचक्याही पाहाव्यात. फोड, भेग किंवा काळा डाग दिसला तर तो दुखत नसला तरी दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठावा. पायांच्या आगीवर वेगळी औषधे आहेत, ती विचारून घ्यावीत.

सूज, ताप, मार लागलेले हाड, पोटरीतले एका बाजूचे सुजलेले दुखणे, यांवर दाबू नये. छातीत दडपण येऊन कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, दरदरून घाम सुटला असेल, तर कोणताही बिंदू शोधत बसू नका. गाडी काढा आणि रुग्णालयात जा.

गुरुजी हल्ली दर महिन्याला येतात. मी विचारण्याआधीच मोजे काढून बसतात, आणि मीही साखरेच्या कागदाआधी त्यांचे पाय पाहतो.