कुंडी व पिशवीतील औषधी रोपे थंडीत कशी जगवावीत?

नाशिक, धुळे, जळगाव व अहिल्यानगर जिल्ह्यांच्या काही भागांत डिसेंबर ते जानेवारी या काळात कडाक्याची थंडी पडते. निफाड परिसरात काही वर्षी किमान तापमान ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरते. अनेक रोपवाटिकाधारक तुळस, गवती चहा, पुदिना, पानओवा, कढीपत्ता, कोरफड यांची मातृझाडे कुंड्यांत व पॉलिथीन पिशव्यांत ठेवतात. ही झाडे थंडीत दगावली तर पावसाळ्यातील विक्रीसाठी छाटे व फुटवे मिळत नाहीत आणि पुढचा संपूर्ण हंगाम वाया जातो.

पिशवीतील रोप आधी का गारठते?

बांधावरची तुळस तग धरते, पण पिशवीतली मरते, असा अनुभव पुष्कळांना येतो. जमिनीतील झाडाच्या मुळांना भोवतालच्या मातीची ऊब असते. जमिनीत १५ ते २० सें.मी. खोलीवर रात्रीच्या थंडीचा परिणाम कमी होतो. कुंडीला मात्र चारही बाजूंनी गार हवा लागते आणि तिच्यातील थोडी माती पहाटेपर्यंत थंड होते. म्हणून कुंडीतील रोपांच्या बाबतीत पानांइतकेच, किंबहुना जास्त, मुळांचे संरक्षण महत्त्वाचे आहे.

जागेची निवड व मांडणी

१) गार हवा जड असल्याने सखल भागात साठते. रोपे ओढ्याकाठी किंवा खोलगट जागी ठेवू नयेत.

२) दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत रोपे ठेवावीत. भिंत दिवसा तापते व रात्री ऊब देते.

३) पाणी न साचणाऱ्या जागी १ मीटर रुंद व २० ते २५ सें.मी. खोल चर खोदावा. त्यात पिशव्या एकमेकींना चिकटून उभ्या कराव्यात व मधल्या फटी मातीने भराव्यात. लडाखमध्ये खोदलेल्या चरावर प्लास्टिक अंथरून हिवाळ्यात भाजीपाला घेतात, त्यामागेही जमिनीच्या उबेचाच उपयोग आहे.

४) मोठ्या कुंड्या चरात ठेवता येत नसतील तर त्या एकत्र मांडाव्यात. नाजूक झाडे मध्यभागी घ्यावीत. बाहेरच्या ओळीला गोणपाट गुंडाळावे किंवा उसाच्या पाचटाचा थर लावावा.

आच्छादन

निरभ्र आकाश व पडलेला वारा असलेल्या रात्री जमिनीतील उष्णता झपाट्याने निघून जाते. अशा रात्रींचा धोका सर्वांत जास्त असतो. बांबूच्या कमानी करून त्यावर सूर्यास्तापूर्वी गोणपाट किंवा प्लास्टिकचा कागद टाकावा. कागद पानांना टेकू देऊ नये. टेकलेली पाने करपतात. सकाळी ऊन आल्यावर आच्छादन काढावे, अन्यथा आत दमटपणा वाढून बुरशी येते. नुसत्या धुराने फारशी ऊब मिळत नाही, त्यामुळे केवळ शेकोटीवर विसंबून राहू नये.

पाणी व खत

थंडीत रोपांची वाढ मंदावते व पाण्याची गरज घटते. वरची २ ते ३ सें.मी. माती सुकल्यावरच पाणी द्यावे. पाणी सकाळी ऊन पडल्यावर द्यावे, म्हणजे संध्याकाळपर्यंत पाने कोरडी होतात. विहिरीचे ताजे पाणी उघड्या टाकीत रात्रभर गारठलेल्या पाण्यापेक्षा चांगले. तळाची छिद्रे मोकळी आहेत याची खात्री करावी. थंडीत मेलेल्या वाटणाऱ्या रोपांपैकी बरीच रोपे प्रत्यक्षात जादा पाण्यामुळे मुळे कुजून मेलेली असतात. नोव्हेंबरच्या मध्यानंतर नत्रयुक्त खत देऊ नये. त्याने कोवळी फूट येते व ती थंडीला आधी बळी पडते.

पीकनिहाय काळजी

तुळस : १० अंशांखाली पाने काळवंडतात. थंडीपूर्वीच पक्व मंजिऱ्यांचे बी काढून ठेवावे.

पानओवा : खोड रसाळ व अतिशय नाजूक असते. नोव्हेंबरपूर्वी काही छाटे लावून ती रोपे घराच्या पडवीत ठेवावीत.

गवती चहा : पाने करपली तरी ठोंब जिवंत राहतो. बुंध्याभोवती पाचट घालावे.

पुदिना : वरचा पाला वाळला तरी मातीतील मुळकांड्या जगतात. कुंडी फेकू नये. थंडी ओसरताच नवी फूट येते.

कढीपत्ता : सुमारे १६ अंशांखाली नवी फूट थांबते व पानगळ होते. हा विसावा आहे, रोग नव्हे. पाणी वाढवू नये.

कोरफड : गार व ओल्या मातीत बुंधा कुजतो. माती बरीचशी कोरडी ठेवावी.

थंडीनंतर

करपलेली पाने व फांद्या लगेच कापू नयेत. त्या खालच्या डोळ्यांना आडोसा देतात. फेब्रुवारीत थंडी ओसरल्यावर खोडाची साल नखाने थोडी खरवडून पाहावी. आत हिरवा भाग दिसल्यास रोप जिवंत समजावे, हिरव्या भागापर्यंत छाटणी करावी आणि नवी फूट दिसल्यावरच कुजलेले शेणखत द्यावे.

शेतकरी बंधूंनी हे लक्षात ठेवावे

• दिवाळीनंतर लगेच चर खोदून तयार ठेवावा.
• प्रत्येक जातीची काही मातृझाडे वेगळ्या, सुरक्षित जागी ठेवावीत.
• पाने झाकण्याआधी मुळे झाकावीत.
• पाणी सकाळी आणि बेतानेच द्यावे.