निवृत्तीनंतर हज्जान?

प्रश्न : नेकनूरला भजनी मंडळात गातो. निवृत्तीनंतर सिनेगॉगमध्ये हज्जान होता येईल का?

उत्तर : नुसत्या आवाजावर भागत नाही, हज्जान, म्हणजे प्रार्थना गाऊन चालवणारा, ज्यूच लागतो. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंकडे रब्बी (धर्मगुरू) नसत, म्हणून प्रार्थनेपासून लग्नापर्यंत सारे हज्जानच चालवत. ज्यू असाल तर आधी हिब्रू पक्के करा. तोराच्या गुंडाळीत स्वरचिन्हे नसतात, चालीच्या खुणाही नसतात. सारे घोकूनच जावे लागते. शिवाय पारंपरिक सिनेगॉगमध्ये शब्बाथला पेटी वर्ज्य, हे भजनकऱ्याला जड जाईल. ज्यू नसाल तर केवळ गाण्यापायी धर्मांतराच्या फंदात पडू नका. त्यापेक्षा १८८०च्या सुमारास सुरू झालेले बेने इस्रायलींचे मराठी कीर्तन अभ्यासा. कथा हिब्रू बायबलच्या, पण ढाचा हरिकीर्तनाचा. तिथे तुमची तयारी कामी येईल.