जात्याची लय

विद्यार्थ्यांनो, तबला नाही, हार्मोनियम नाही, तरीही लय चुकत नाही, असे एक गाणे महाराष्ट्रात शेकडो वर्षे गायले गेले. ते म्हणजे जात्यावरची ओवी.

पिठाच्या गिरण्या येण्यापूर्वी बायका पहाटे उठून जात्यावर ज्वारी-बाजरी दळत. काम कष्टाचे असे. श्रम हलके व्हावेत म्हणून त्या ओव्या गात. ओवी फार जुनी आहे. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया धान्य कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे.

ओवीची लय जाते ठरवते. नवी वैरण घातली की जाते जड होते आणि गाणे संथ चालते. दाणे भरडले गेले की जाते हलके फिरते आणि गाणेही थोडे पुढे सरकते. ओळीत शब्द कमी पडले, तर गाणारी ‘गं’, ‘बाई’ असे शब्द घालते किंवा एखादे अक्षर लांबवते. शब्द जास्त झाले, तर ते भरभर म्हणते. अक्षरे मोजायची गरज नसते. हातच हिशेब ठेवतो.

आता स्वर पाहू. गवई गाण्यापूर्वी ‘काळी चार’, ‘पांढरी दोन’ अशी पट्टी ठरवतो. ओवीला ठरलेली पट्टी नसते. जिचा गळा जसा, तशी तिची पट्टी. चाल जवळजवळच्या थोड्याच स्वरांत फिरते. त्यामुळे दमलेल्या बाईलाही ती गाता येते. जात्याची घरघर तंबोऱ्यासारखी मागे चालूच असते. दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा ओढत असतील, तर एक ओवी म्हणते व दुसरी तिला साथ देते.

दखनी भाषेतही असे गाणे आहे. त्याला ‘चक्कीनामा’ म्हणतात. विजापूरच्या सूफींच्या परंपरेत असे चक्कीनामे रचले गेले. त्यांत जात्याच्या खुंट्याला ‘अलिफ’ या अक्षराची उपमा दिलेली आढळते. दळता दळता बायकांनी अल्लाहचे स्मरण करावे, हा त्यामागचा हेतू होता.

माझी नानी सांगत असे, “आमच्या वाड्यात जाते एकच होते. शेजारच्या काकू मराठीत ओवी म्हणायच्या, मी दखनीत गायची. भाषा दोन, पण चाल एकच.” मी विचारले, “असे कसे?” ती हसून म्हणाली, “अरे बेटा, चक्की एकच होती ना!”

बी.एड. करत असताना मी नानीची बरीच गाणी वहीत उतरवून घेतली. आवाज मात्र मुद्रित केला नाही. पुढच्या सुट्टीत करू, असे म्हणत राहिलो. ती सुट्टी येण्याआधीच नानी गेली. वही आजही माझ्याजवळ आहे. त्यातले शब्द मी वाचू शकतो, पण गाऊ शकत नाही. शब्द राहिले, चाल गेली.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. अनेक ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. म्हणून त्या बायकांचे आवाज आजही ऐकता येतात.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या घरी किंवा शेजारी एखादी वृद्ध दादी, नानी किंवा आजी असेल. तिला जात्यावरचे गाणे आठवते का, ते विचारा. शब्द लिहून घ्या. पण त्याआधी तिचा आवाज मुद्रित करा. पुढच्या सुट्टीची वाट पाहू नका.

शब्दार्थ
कांडणे – उखळात धान्य कुटणे
वैरण – जात्यात घालायचे मूठभर धान्य
खुंटा – जाते फिरवण्याचा लाकडी दांडा
पट्टी – गाण्याचा आधारस्वर
चाल – गाण्याची धून, तर्ज

स्वाध्याय
1. ओवीची लय संथ केव्हा होते?
2. ओवीला ठरलेली पट्टी का नसते?
3. ‘शब्द राहिले, चाल गेली’ असे लेखक का म्हणतात?
4. विरुद्धार्थी शब्द लिहा : जड, संथ, जुनी.
5. उपक्रम : घरातील वडीलधाऱ्यांकडून कामाच्या वेळी गायले जाणारे एक गाणे ऐका व त्याविषयी पाच वाक्ये मराठीत लिहा.