प्लॅस्टर निघालं, आता गुडघ्याचं बघ

पोरी, सोमवारपासून शीवला तुझी फिजिओथेरपी सुरू होतेय. तू उतावळी, म्हणून हे लिहून देते. वाचून पर्समध्ये ठेव.

१. केसपेपर, एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या एकाच पिशवीत घाल आणि घरून लवकर नीघ — शीवच्या टिळक रुग्णालयात धारावीपासून कुर्ल्यापर्यंतची माणसं येतात, अर्धी सकाळ रांगेतच जाते.

२. सलवार सैल घाल, गुडघ्याच्या वर सरकेल अशी — जीन्सवरून कुणाला काय दिसणार?

३. पहिल्या दिवशी मशीन लावलं नाही म्हणून तोंड पाडू नकोस — त्या दिवशी तुझी चाल बघतात, ताकद बघतात, गुडघा किती वाकतो ते मोजतात. जिना उतरायला साधारण ९० अंश लागतात, मांडी घालून बसायला त्याहून बरेच जास्त. आपला आकडा विचारून वहीत लिही.

४. 'दहापैकी किती दुखतं?' विचारलं की खरं सांग — सोसणारीला शाबासकी मिळते, उपचार चुकीचा मिळतो.

५. साखर, पेसमेकर, हाडातली पट्टी, दिवस गेलेले असणं, जे असेल ते आधीच बोल — विजेवरची काही मशीनं पेसमेकरवाल्यांना चालत नाहीत, आणि साखरेने पाय बधिर झाला असेल तर शेकाचा चटकाही कळत नाही.

६. शिकणाऱ्या मुली हात लावतील, कचरू नकोस — त्यांच्या मागे मोठे उभे असतात. पोलिओच्या साथीनंतर १९५३ साली आपल्या परळच्या केईएममध्ये देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने. तेव्हापासूनच्या सगळ्या जणी तुझ्यामाझ्यासारख्यांच्या गुडघ्यांवरच शिकल्या.

७. आता खरं काम. मशीनचा शेक घडीभर, मांडीचा टेकू जन्मभर. दिलेले व्यायाम रोजच्या कामाला बांध: चहा उकळेपर्यंत पाय सरळ ठेवून मांडी आवळायची, मनात पाच मोजायचे, सोडायची — प्लॅस्टरमध्ये मांडी आधी वाळते, आणि गुडघ्याचं ओझं तीच उचलते. घरी केलं नाहीस तर तिकडची फेरी म्हणजे नुसतं लोकलचं भाडं.

८. व्यायामानंतर थोडं ठणकेल, घाबरू नकोस. दुसऱ्या दिवशीही तितकंच दुखलं किंवा सूज चढली तर सांग — व्यायाम सोडायचा नसतो, मात्रा कमी करून घ्यायची असते.

९. स्टेशनच्या जिन्यावर कठडा धर. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा, आणि काठी चांगल्या पायाकडच्या हातात — म्हणजे भार दुखऱ्या पायावर कमी येतो. गर्दीला पुढे जाऊ दे, पुढची गाडी येतेच.

१०. पोटरी सुजली, लाल-गरम झाली तर चोळू नकोस, त्याच दिवशी डॉक्टर गाठ. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर तडक कॅज्युअल्टीत — रक्ताची गुठळी असू शकते.

११. कुणी मालिशवाला सुचवेल, हसून नाही म्हण. खासगीत जावं लागलंच तर फिजिओची नोंदणी विचार — महाराष्ट्रात त्यांची परिषद आहे, विचारायला लाजायचं कारण नाही.

१२. दुखणं गेलं म्हणून फेऱ्या बुडवू नकोस — दुखणं आधी जातं, ताकद मागून येते. आणि सोमवारी घरी पोचलीस की मला फोन कर, किती अंश वाकला ते सांग.

— मावशी