आपली आकृति आपल्या हातीं

'अवतार' हा शब्द आपल्या घरचा आहे. खालीं उतरणें हा त्याचा मूळ अर्थ. इ. स. १९८५-८६ च्या सुमारास अमेरिकेंतील संगणकी खेळ रचणाऱ्यांनीं तो उचलला, आणि पडद्यावर खेळणाराच्या वतीनें जी लहानशी आकृति वावरते तिला तें नांव दिलें. 'अल्टिमा' या खेळाच्या १९८५ सालच्या चौथ्या भागाच्या नांवांतच हा शब्द होता. पुढें तो खेळापुरता राहिला नाहीं. आज संदेश पाठविण्याच्या बहुतेक साधनांत आपल्या नांवाशेजारीं एक लहान चित्र लावावयाची जागा असते. तें चित्र म्हणजेही आपला अवतारच होय.

विद्यार्थिमित्रहो, हा विषय क्षुल्लक मानूं नका. औसा, निलंगा, कंधार, मुखेड, देगलूर अशा ठिकाणांहून मुलेंमुली शिक्षणासाठीं लातुरास व नांदेडास येतात. ज्यांची तोंडओळखही नाहीं अशा अनेकांच्या गटांत त्यांचें नांव दाखल होतें, आणि माणूस दिसण्यापूर्वीं त्याचें चित्र दिसतें. त्या जागीं कोणी आपलें छायाचित्र लावतो, तर कोणी एखाद्या नटाचें. पहिला आपला चेहरा अनोळखी हातीं देतो. दुसरा परक्याचा चेहरा आपला म्हणून मिरवितो. तिसरा मार्ग असा कीं, आपलें चिन्ह आपणच घडवावें. तें कसें घडवावें हें या पाठांत पाहूं.

प्रथम पडद्यावरील चित्र कशाचें बनतें तें समजून घ्या. दिवाळींत अंगणांत ठिपक्यांची रांगोळी काढतात. संगणकांतील चित्रही तसेंच ठिपक्यांच्या ओळींचें असतें. या ठिपक्यास पिक्सेल म्हणतात. भेद इतकाच कीं रांगोळींत ठिपके रेषांनीं जोडतात, आणि येथें प्रत्येक ठिपका स्वतःच रंग धारण करितो. तांबडा, हिरवा व निळा या तीन प्रकाशांच्या प्रत्येकीं २५६ पायऱ्या असतात. म्हणून एका ठिपक्यास १,६७,७७,२१६ रंगांपैकीं कोणताही देतां येतो. चौसष्ट ओळी व चौसष्ट रकाने असलेल्या चित्रांत ४,०९६ ठिपके असतात. तेंच चित्र ताणून १,०२४ ओळींचें केलें, तर मूळच्या एका ठिपक्याच्या वांट्यास २५६ ठिपक्यांची जागा येते; नवी माहिती मात्र कोठूनच येत नाहीं. म्हणून ताणलेलें चित्र ओबडधोबड किंवा धूसर दिसतें. यावरून पहिला नियम निघतो: चित्र मोठें काढावें व मग लहान करावें, लहान काढून मोठें करूं नये.

दुसरी गोष्ट थरांची. गोधडी शिवतांना एकावर एक कापड ठेवितात, तसे चित्रांत एकावर एक पारदर्शक थर ठेवतां येतात. एका थरावर चूक झाली तर तेवढाच पुसावा. बाकीचे जसेच्या तसे राहतात. ही सोय 'गिम्प' नांवाच्या आज्ञावलींत आहे. अमेरिकेंतील बर्कली येथील विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनीं, स्पेन्सर किम्बल व पीटर मॅटिस यांनीं, १९९५ सालीं तिचें काम आरंभिलें. ती सर्वांस विनामूल्य मिळते. म्हणून पुढील कृतीस खर्च नाहीं.

लातूरची गंजगोलाई तुमच्यापैकीं अनेकांनीं पाहिली असेल. मध्यें इमारत, भोंवतीं वर्तुळाकार बाजारपेठ आणि तेथून फुटलेले सोळा रस्ते. हीच रचना चिन्हासाठीं घेऊं. १,०२४ रुंद व तितकाच उंच असा पारदर्शक पट उघडा. सर्वांत खालच्या थरावर, बरोबर मध्यावर, ९६० ठिपके व्यासाचें वर्तुळ एका रंगानें भरा. त्यावर नवा थर घेऊन वर्तुळाच्या मध्यांतून जाणारी, ९६० लांब व ४० रुंद अशी आडवी पट्टी दुसऱ्या रंगानें काढा. मध्यापासून दोन्ही बाजूंस गेल्यामुळें हे दोन रस्ते झाले.

आतां सोळा रस्ते करण्यास आणखी सात पट्ट्या काढाव्या लागतील असें वाटेल. परंतु तसें नाहीं. पट्टीच्या थराची नक्कल करून ती ९० अंशांनीं फिरवा व दोन्ही थर एक करा. रस्ते चार झाले. या थराची नक्कल ४५ अंशांनीं फिरवून तीही त्यांत मिळवा; आठ झाले. पुन्हां नक्कल करून २२.५ अंशांनीं फिरवा, सोळा झाले. ३६० अंशांस सोळांनीं भागिलें असतां २२.५ येतात, हें आपण गणितांत शिकलोंच आहों. एक पट्टी व तीन फेरे, एवढ्यांत काम झालें.

मध्याकडे पाहिलें तर सर्व पट्ट्या एकमेकींत मिसळून गोळा झालेला दिसेल. सर्वांत वर नवा थर घेऊन तेथें ३०० ठिपके व्यासाचें भरीव वर्तुळ ठेवा. सोळा रस्त्यांची गर्दी त्याखालीं झांकते व आकृतीस केंद्र मिळतें.

आतां हें चित्र ६४ ठिपक्यांपर्यंत लहान करून पहा. ४० रुंदीची पट्टी अडीच ठिपक्यांची उरते. तरीही ती ओळखूं येते. पट्टी दहाचीच असती तर ती एका ठिपक्याहूनही बारीक होऊन विरली असती. चिन्हांत थोडें व ठसठशीत असावें तें यासाठींच. शिवाय बरींच साधनें चौकोनी चित्र वर्तुळांत कापून दाखवितात. त्यांत चौकोनाचा सुमारें २१ टक्के भाग नाहींसा होतो. म्हणून कोपऱ्यांत महत्त्वाचें कांहीं ठेवूं नये.

तयार चित्र 'पीएनजी' प्रकारांत साठवावें. त्यांत पारदर्शकता टिकते व कडा स्वच्छ राहतात. 'जेपेग' हा प्रकार छायाचित्रांस उत्तम. पण तो चित्र आटोपशीर करतांना कांहीं तपशील गाळतो, आणि रेखीव कडांभोंवतीं डाग उमटवितो. थरांसह मूळ चित्र निराळें जपून ठेवावें, म्हणजे पुढें रंग बदलतां येईल.

नांदेडच्या मुलांनीं गोदावरीच्या तीन लाटा घ्याव्या. ज्यांस अक्षराची आवड असेल त्यांनीं आपल्या नांवाचें पहिलें अक्षर घ्यावें. 'मुक्त' व 'बलू' हे देवनागरी टंक विनामूल्य मिळतात. मात्र कांहीं आज्ञावल्यांत देवनागरी नीट जुळत नाहीं; 'वि' लिहितांना वेलांटी भलतीकडे जाते किंवा जोडाक्षर फुटतें. म्हणून चित्र बाहेर धाडण्यापूर्वीं प्रत्येक अक्षर डोळ्यांखालून घालावें.

आतां ज्या गोष्टीनें या कलेचें बरेंवाईट ठरतें ती सांगतों. ज्या आज्ञावलीनें सोळा रस्ते काढतां येतात, तिनेंच एकाचें डोकें दुसऱ्याच्या धडावर बसवितां येतें. वर्गांतील मुलीचें किंवा मुलाचें छायाचित्र घेऊन त्याचें विडंबन करणें, किंवा दुसऱ्याचा चेहरा लावून त्याच्या नांवानें बोलणें, ही थट्टा नव्हे. ज्याचें चित्र बिघडविलें त्यास शाळेंत तोंड दाखविणें कठीण होतें. आणि एकदां पसरलेलें चित्र परत गोळा करतां येत नाहीं. संगणकाच्या साह्यानें दुसऱ्याचें सोंग घेऊन फसवणूक करणारास माहिती तंत्रज्ञान कायद्यानें तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड ठेविला आहे. परक्या कलावंताचें चित्रही आपलें म्हणून लावूं नये. १९५७ च्या कायद्याप्रमाणें चित्रकाराचा हक्क त्याच्या हयातींत व मृत्यूनंतर साठ वर्षें चालतो.

पालकांस एवढीच विनंती कीं, मुलें संगणकावर चित्रें काढतात म्हणून त्यांवर रागावूं नये. शेजारीं बसून तें चित्र कोणाचें, कोठून आणलें व कोणास दाखविलें, हें विचारावें. मुलाचें छायाचित्र कोठें द्यावें हा निर्णय घरांत मिळून व्हावा. २०२३ सालच्या माहिती-संरक्षण कायद्यानेंही अठरा वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यापूर्वीं पालकांची संमति सांगितली आहे.

सुटींत प्रत्येकानें एक चिन्ह करावें. तें नखाएवढें करून हातभर अंतरावरून घरांतील वडील माणसास दाखवावें, आणि 'हें काय आहे?' एवढेंच विचारावें. उत्तर बरोबर आलें तर चिन्ह साधलें. न आलें तर एक रंग किंवा एक रेषा कमी करावी, आणि पुन्हां विचारावें.